निरांजनाचा उजेड कागदावर

थोरांच्या चित्राची प्रत काढणे म्हणजे निव्वळ नक्कल, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु नक्कल आणि अभ्यास ह्यांत मोठे अंतर आहे.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) ह्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. हाती दिवा धरलेली ती तरुणी म्हणजे त्यांची कन्या गीता. दिव्याची ज्योत दिसत नाही. दिसतो तो बोटांतून झिरपणारा आणि मुखावर पडलेला उजेड.

निपाणीचा एखादा विद्यार्थी ह्या चित्राची छापील प्रत समोर ठेवून पेन्सिल हाती घेतो. प्रथम तो नाक, डोळे, पदर रेखतो आणि मग त्यांत काळे भरतो. आकृती रेखीव होते, पण दिवा विझलेलाच राहतो. कारण उघड आहे. कोऱ्या कागदाहून अधिक पांढरे काही पेन्सिलीपाशी नाही. उजेड वाढवायचा तर भोवतालचा अंधार गडद करावा लागतो, आणि नवशिका नेमका अंधारालाच भितो.

म्हणून आधी कागदाच्या कडेला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच छटांची पट्टी काढावी. डोळे किलकिले करून चित्र पाहावे. बारकावे पुसट होतात आणि छायाप्रकाशाचे मोठे भाग तेवढे उरतात. रंग कोणता हे न विचारता तो किती गडद, एवढेच विचारावे. सर्वांत उजळ जागा कोरी राखून सर्वांत गडद जागा आधी भरावी; मधल्या छटा त्या दोहोंशी ताडून लावाव्या. बारकावे शेवटी.

बेळगावला के. बी. कुलकर्णी ह्यांच्यासारख्या गुरूंनी नजरेचे शिक्षण दिले. त्यांचे शिष्य रवी परांजपे (१९३५–२०२२) ह्यांनी पुढे स्वतःची स्वतंत्र शैली घडविली. गुरूच्या वाटेने चालल्याने स्वत्व हरवत नाही, ह्याची ही साक्ष होय.

एक पथ्य मात्र पाळावे. प्रतीखाली ‘हळदणकरांच्या चित्रावरून’ असे स्पष्ट लिहावे. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे. तरीही पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा तर १९०६ मध्येच निवर्तले होते! ज्याच्या दिव्यावर आपली वात लावली, त्याचे नाव अंधारात ठेवू नये.