सुगंधाचे कुंपण



उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब, यांच्या मागाने मादी डास आपल्यापर्यंत येते. गवती चहाच्या कुळातील सिट्रोनेलाचे तेल अंगाला लावले, की तिचा हा माग चुकतो. तेल हवेत उडते म्हणून ते काम करते; आणि उडते म्हणूनच टिकत नाही. तासा-दोन तासांत सुगंधाचे हे कुंपण मोडते. त्याच्या भरवशावर रात्रभर उघड्यावर निजणे म्हणजे दार सताड टाकून कुलूप उशाशी घेणे होय!

वनस्पतीचे ते निरुपद्रवी, असेही समजू नका. निव्वळ तेलाने कातडी पोळते. दोन चहाचे चमचे खोबरेलात चार-पाच थेंब पुरे. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नये. निलगिरीचे तेल पोटात गेले तर विषच. डासाच्या लाळेने गांध उठते, तिला पुदिन्याच्या तेलातील मेन्थॉलने गार वाटते, खाज विसरते. पण अंगात शिरलेला रोग त्याने निघत नाही.

1897 साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी आढळले. तेव्हापासून डासाचा चावा हा नुसत्या खाजेचा प्रश्न राहिलेला नाही. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो आणि आपल्याच घरच्या साठवणीच्या पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, हंडे रिकामे करून घासा, कोरडे करा. तेलाची बाटली जवळ असू द्या. पण तिच्या आधी पिंपाचे झाकण पाहा.