स्थूल माणसाचा घरगुती व्यायाम

स्थूल माणसाला उपदेश करणाऱ्यांची वानवा आपल्या समाजात कधीच नव्हती. लग्नाच्या पंगतीत, कचेरीच्या जिन्यात, आगगाडीच्या डब्यात, कोठेही त्याला एखादा हितचिंतक भेटतोच. रोज बारा सूर्यनमस्कार घाला, पहाटे उठून धावायला जा, दोरीवरच्या उड्या मारा म्हणजे महिन्यात उतराल, असे हे सल्ले असतात. सल्ला देणारा बहुधा सडपातळ असतो आणि आपल्या देहाला जे मानवले ते दुसऱ्याच्या देहालाही मानवेल, असे त्याने मनोमन धरलेले असते. अलीकडे या हितचिंतकांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील तरुण व्यायामपटूंची भर पडली आहे. विशीतले हे स्त्रीपुरुष वीस मिनिटे अखंड उड्या मारतात आणि पाहणाऱ्यालाही तसेच करावयास सांगतात.

पंचेचाळिशीचा, ९२ किलो वजनाचा एखादा बँकेतील गृहस्थ हे पाहून एके दिवशी निश्चय करतो. निश्चयाचा मुहूर्त बहुधा गुढीपाडव्याचा किंवा १ जानेवारीचा असतो. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात साठ उड्या होतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, तिसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजतो, आणि दुसरा आठवडा उजाडण्यापूर्वी सतरंजीची वळकटी पुन्हा कपाटावर जाते. यात गुडघ्याचे दुखणे ही लहान हानी होय. ते आठवड्याभरात बरे होते. मोठी हानी अशी की, ‘व्यायाम हा आपला प्रांत नव्हे’ असा निवाडा त्या गृहस्थाने स्वतःविरुद्ध देऊन टाकलेला असतो. पुन्हा प्रयत्न करावयास तो धजेल तो चार-पाच वर्षांनी, आणि तेही बहुधा रक्तातील साखर किंवा रक्तदाब वाढल्याचे वैद्यांनी सांगितल्यावर. मधली वर्षे फुकट जातात. वास्तविक अपराध त्याच्या निश्चयाचा नसतो. व्यायामाची निवड चुकलेली असते.

ती कशी चुकते, हे साध्या हिशेबाने कळण्यासारखे आहे. जमिनीवर जोर काढताना देहाच्या भाराचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा हातांवर येतो. ९२ किलोंच्या माणसाच्या मनगटांना आणि खांद्यांना म्हणजे साठ-एकसष्ट किलोंचे ओझे पेलावे लागते, आणि तेही ज्या हातांनी वर्षानुवर्षे लेखणीहून जड काही उचललेले नाही त्या हातांनी. गुडघ्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. वजन १ किलोने उतरले तर साध्या चालण्यातील प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो, असे संधिवात असलेल्या स्थूल व्यक्तींच्या अभ्यासातून २००५ साली अमेरिकेत दाखविण्यात आले. हाच हिशेब उलटा मांडला म्हणजे वाढलेल्या दर किलोचे गुडघ्याला काय मोल द्यावे लागते ते ध्यानात येईल. उडी मारून खाली येताना तर हा भार चालण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो.

सूर्यनमस्काराविषयी महाराष्ट्रात बोलावयाचे म्हणजे जपूनच बोलले पाहिजे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या व्यायामाचा ध्यास घेतला, त्याचा हिरीरीने प्रसार केला, आणि १९३८ साली इंग्रजीतून पुस्तक काढून तो परदेशी वाचकांपर्यंतही पोहोचविला. सूर्यनमस्कार हा सर्वांगसुंदर व्यायाम आहे यात शंका नाही. परंतु ज्याचे पोट सुटले आहे तो कपाळ गुडघ्याला टेकविण्यासाठी वाकतो तेव्हा मध्ये पोट येते, श्वास कोंडतो, आणि उरलेले अंतर तो कंबरेला ओढ देऊन भरून काढू पाहतो. तालमीत येणारे मूल दहाव्या-बाराव्या वर्षी येत असे आणि त्याचा देह त्या व्यायामाबरोबरच घडत जात असे. पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथमच उभ्या राहणाऱ्या माणसाने सूर्यनमस्कार हे चौथ्या-पाचव्या महिन्यात गाठावयाचे ठिकाण मानावे. तेथून आरंभ करू नये.

मग असा प्रश्न येतो की, इतक्या मऊ व्यायामाचा उपयोग तो काय? ज्याने घाम निथळत नाही, दम लागून जीव घाबरा होत नाही, त्याला व्यायाम म्हणावे तरी का? या शंकेचे उत्तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. जेरी मॉरिस या वैद्यकीय संशोधकाने त्या गाड्यांवरील नोकरवर्गाच्या हृदयविकाराचा अभ्यास केला आणि १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा तिकिटे देत जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर तो तितका घातक नसे. या वाहकांना कोणी व्यायामवीर म्हटले नसते. कामाच्या दिवशी त्यांच्या ५०० ते ७५० पायऱ्या चढून होत, पण त्या दिवसभरात विखुरलेल्या असत. पुढे १९५६ साली मॉरिस यांनी एक गमतीदार साधन वापरले. या लोकांना मिळणाऱ्या गणवेशाच्या विजारींची मापे त्यांनी तपासली. चालकांच्या कमरा वाहकांपेक्षा रुंद निघाल्या, तेव्हा सारा फरक मुळातल्या शरीरयष्टीचाच असेल असा संशय कोणीही घेतला असता. परंतु सारख्याच कमरेच्या माणसांची तुलना केली तरीही वाहकांचेच पारडे जड राहिले. जाडजूड वाहकही जाडजूड चालकापेक्षा सुरक्षित होता. स्थूल माणसाने मनाशी जपून ठेवावी अशी ही गोष्ट आहे, कारण वजन उतरण्याची वाट न पाहता हालचालीचे फळ त्याच्या पदरात पडू लागते.

वजनाचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. आपल्या गृहस्थाने तासभर बऱ्यापैकी वेगाने चालून जे उष्मांक खर्च होतील ते एका वडापावाने भरून निघतात. केवळ व्यायामाच्या बळावर ज्यांनी वजन उतरविण्याचा पण केला त्यांच्या पदरी बहुधा निराशाच आली आहे. वजनाचा काटा हा मुख्यतः ताटाच्या ताब्यात असतो. तेव्हा कोणत्या व्यायामाने सर्वांत जास्त उष्मांक जळतात, हा नवख्याने विचारावयाचा प्रश्नच नव्हे. आज केलेला व्यायाम उद्या सकाळी पुन्हा करता येईल काय, आणि करावासा वाटेल काय, एवढेच त्याने पाहावे.

आरंभापूर्वी एकदा वैद्यांकडे जाऊन यावे. चालताना छातीत दडपल्यासारखे होणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, घेरी येणे, यांपैकी काही असेल तर घरच्या घरी प्रयोग करणे धोक्याचे आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी उतरू शकते. त्यांनी वेळा आणि मात्रा विचारून घ्याव्यात, आणि अनवाणी व्यायाम टाळावा, कारण त्यांच्या तळपायाची लहानशी जखमही पुढे चिघळते. रक्तदाब चढलेला असेल त्याने शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये.

आता प्रत्यक्ष व्यायाम. त्याला साधन लागते ते एका भक्कम खुर्चीचे. प्लास्टिकची डुगडुगणारी किंवा चाकांची खुर्ची चालणार नाही. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पावले खांद्यांइतकी दूर घ्यावी, पुढे झुकावे आणि श्वास सोडीत हातांच्या आधाराविना उभे राहावे. मग हळूहळू, मनात तीन अंक मोजीत, पुन्हा बसावे. धपकन अंग टाकू नये, कारण मांड्यांचे अर्धे काम या उतरण्यातच होते. उठणे कठीण जात असेल तर बसण्याच्या जागी जाड रजई घडी करून ठेवावी. बैठक उंच झाली की उठणे सोपे होते, आणि पुढे एकेक घडी कमी करीत गेले म्हणजे झाले. पाच वेळा उठबस, थोडी विश्रांती, पुन्हा पाच वेळा, एवढे पहिल्या पंधरवड्यास पुरे. तालमीतल्या बैठकीचेच हे सौम्य रूप आहे. ज्या मांड्यांनी गुडघ्याला सांभाळून धरावयाचे त्या मांड्या याने बळावतात. पूर्वी हे बळ न मागता मिळत असे. पाटावर जेवण, जमिनीवर अंथरूण, जात्यापाशी बैठक, यांमुळे माणूस दिवसातून कितीतरी वेळा जमिनीवरून उठत असे. टेबलखुर्ची घरात आली आणि हा बिनखर्चाचा व्यायाम घरातून गेला.

जोरांची जागा भिंतीने घ्यावी. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवावे, कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्यावी आणि ढकलून परत यावे. महिन्याभराने हेच स्वयंपाकघरातील ओट्याला हात टेकवून करावे, त्यानंतर पलंगाच्या कडेला. हात जितके खाली जातील तितका अंगाचा भार त्यांवर अधिक येतो, म्हणजे वजनाचे सामान न घेता वजन वाढविता येते. दाराच्या चौकटीला धरून टाचा उचलणे हा तिसरा प्रकार. जमिनीवर निजून करावयाचे प्रकार पहिल्या महिन्यात नसले तरी बिघडत नाही. पुष्कळ स्थूल माणसांना जमिनीवर जाणे आणि तेथून उठणे हेच मोठे संकट वाटते, आणि चारचौघांदेखत त्यातून जाण्यापेक्षा ती व्यायाम सोडून देणे पत्करतात.

दमाचा व्यायाम म्हणून घरातल्या घरात चालावे. मुंबईचा पावसाळा, नागपूरचा उन्हाळा आणि दिल्लीच्या हिवाळ्यातील ती कोंदट, विषारी हवा, यांपैकी कशाचाही त्याला अडथळा नाही. वेळ मोजण्यास घड्याळापेक्षा गाणे बरे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचे गीत मावत असे. रेडिओवर लागलेली अशी दोन भावगीते संपेपर्यंत जागच्या जागी पावले टाकावी, पुढच्या आठवड्यात तीन गीते, मग चार. जपानमध्ये १९२८ पासून नभोवाणीवरील संगीताच्या तालावर लोक व्यायाम करीत आले आहेत, आणि १९९९ साली तेथे रचलेल्या नव्या प्रकारात खुर्चीत बसून करावयाच्या हालचालीही आहेत. वेगाची परीक्षा सोपी आहे. चालता चालता शेजारच्याशी बोलता यावे, पण रेडिओवरच्या गायकाबरोबर गाता येऊ नये. गाता येत असेल तर वेग वाढवावा. बोलताच येत नसेल तर कमी करावा. व्यायामाची सायकल घरी असेल तर उत्तमच, कारण तिच्यावर गुडघ्यांना देहाचा भार पेलावा लागत नाही. मात्र ती मुद्दाम विकत आणण्यापूर्वी विचार करावा. अनेक घरांत ती पुढे टॉवेल वाळत घालण्याच्याच कामी आलेली आहे.

येथे घरच्या गृहिणीचा विचार निराळा करावा लागतो. ‘दिवसभर उभीच असते, आणखी व्यायाम कशाला?’ असे ती म्हणते, आणि तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहण्याने पाय दुखतात, दम वाढत नाही. तिची खरी अडचण वेळेची नसून एकांताची असते. सासूसासरे बैठकीच्या खोलीत, मुले दुसऱ्या खोलीत, आणि आपण हातपाय हलविताना कोणी पाहून हसेल ही धास्ती. अशा घरात अर्धा तास एकत्र मिळणे नाही. सुदैवाने तशी गरजही नाही. आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल व्हावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण ती सलग दहा दहा मिनिटांची तरी असावी ही जुनी अट तिने २०२० साली काढून टाकली. कुकरची शिटी होईपर्यंतचे ओट्यावरचे दहा जोरही त्यात धरले जातात.

मधुमेह असणाऱ्यांनी तर आजीची शतपावली पुन्हा सुरू करावी. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी ४१ मधुमेही व्यक्तींवर केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर हा फरक अधिकच होता. शंभर पावलांची दहा मिनिटे होत नाहीत हे खरे. आजीने सांगितलेला आकडा थोडा वाढवून घ्यावा, एवढेच.

दुखण्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी किंवा दंड भरून येणे हे स्नायूंचे दुखणे. ते अपेक्षित आहे आणि हळू चालल्याने उतरते. सांध्यात टोचणे, सूज येणे, किंवा व्यायामानंतर दोन तास उलटले तरी गुडघा ठणकत राहणे हे निराळे. तसे झाल्यास दुसऱ्या दिवशी मात्रा निम्मी करावी, पण व्यायाम अजिबात बंद करू नये. जोर लावताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून त्याची भरपाई करू नये. बँकेतल्या माणसाला थकबाकी व्याजासह वसूल करण्याची सवय असते, ती येथे उपयोगाची नाही.

प्रगतीची नोंद ठेवावयाची तर वजनाच्या काट्यावर रोज चढू नये. पहिल्या दोन महिन्यांत तो फारसा हलणार नाही. शिंप्याच्या फितीने महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरांच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या आत असावा, असे वैद्यकतज्ज्ञ मानतात. त्याहून चांगली कसोटी त्या लाकडी खुर्चीचीच आहे. अर्ध्या मिनिटात हात न टेकता किती वेळा उठता येते, तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावा. पहिल्या दिवशी सात लिहिलेल्या माणसाने तीन महिन्यांनी बारा लिहिले, तर काटा ८९ वर अडकून बसला असला तरी त्याच्या मांड्या निराळ्या झाल्या आहेत. गुडघे असेच शांत राहिले तर सूर्यनमस्काराची पहिली दोन-तीन आसने खुर्चीच्या आधाराने करून पाहावयास तेव्हा हरकत नाही. आणि घरी सत्यनारायणाची पूजा असेल, तर दोन तास पाटावर बसल्यावर उठताना पूर्वीप्रमाणे मुलाचा खांदा धरावा लागतो की नाही, तेही त्याने पाहावे.