दसरा, सीमा आणि मातृभाषेचा रकाना

(मंडळाच्या दसरा मेळाव्यातील भाषण)



सोने वाटून झाले आहे, पंगतीची वेळही जवळ आली आहे, त्यामुळे मोजकेच बोलतो.

आमच्या बँकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. खकनारच्या शेतकऱ्याचे मात्र या दिवसांत सुरू होते. सोयाबीन निघते, कपाशीची पहिली वेचणी होते, हातात चार पैसे येतात आणि रब्बीची तयारी लागते. पूर्वजांचेही असेच होते. पाऊस थांबला, नद्यांना उतार पडला की सीमोल्लंघन करून फौजा निघत. १७२८ साली चिमाजीअप्पा पावसाळा सरल्यावर निघाले, नर्मदा ओलांडली आणि २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर पडला. हा इतिहास आपण दर दसऱ्याला सांगतो. सांगावाच.

पण माझ्या मते आपल्यासाठी १९५६ चा दसरा अधिक महत्त्वाचा आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, हे आपल्या मुलांना सांगून पाहा, खरे वाटत नाही. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड इकडेच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. आपण ना घर सोडले, ना शेत. पण देडतलाईच्या पुढचे, धारणीकडचे आपले सोयरे परराज्यात गेले आणि आपण कागदोपत्री ‘भाषिक अल्पसंख्याक’ झालो.

त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. अल्पसंख्याक भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, यासाठी राज्याने सोय करावी, असे ते सांगते. पण सोय संख्या पाहून होते. १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेपासूनचा ठरलेला निकष असा, की शाळेत त्या भाषेची ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर शिक्षक द्यावा. दुसरा निकष सरकारी सूचनांचा. जिल्ह्यात किंवा तहसिलीत एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के असतील, तर महत्त्वाच्या सूचना, नियम त्या भाषेतही छापावेत. तहसिलीत, हा शब्द ध्यानात घ्या. मोजमाप इंदूर-भोपाळचे नाही, खकनारचे होणार आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिमान सर्वांनाच वाटला. पण त्या दर्जामुळे आपल्या गावच्या शाळेत मराठीचा एकही शिक्षक येणार नाही. तो आला तर जनगणनेच्या आकड्यावर आणि शाळेत दाखल झालेल्या मुलांवर येईल.

२०२१ ची जनगणना लांबली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. प्रगणक दारात येतो, हिंदीत विचारतो, आपणही हिंदीत उत्तर देतो आणि घाईत मातृभाषेच्या रकान्यात हिंदी लागते. कोणाचा कट नसतो, आपलाच आळस असतो. जनगणनेची व्याख्या साधी आहे: लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. प्रत्येकाची वेगळी नोंदवायची असते. सूनबाई हिंदी घरातली असेल तर तिची हिंदीच लिहावी. नातवंडांशी ती हिंदीत बोलत असेल तर त्यांचीही हिंदीच, आजोबांनी रागावू नये. आकडा फुगवायचा नाही. आपले कोरकू शेजारी कोरकू सांगतील, तो त्यांचा हक्क आहे. आपल्या बोलीत निमाडी शब्द मिसळले म्हणून मात्र ‘आमची कुठे शुद्ध मराठी’ असे म्हणत बसू नये. शुद्ध की अशुद्ध, असा रकाना त्या अर्जात नाही.

तेव्हा या दसऱ्यापासून घरोघर जाऊन एवढे समजावण्याचे काम मंडळाने हाती घ्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. शाळेत जाणाऱ्या मराठी मुलांची वर्गवार यादीही याच फेरीत करता येईल. एका गावाला दोन माणसे पुरतील, त्यात एक भगिनी असावी, कारण दुपारी दार त्याच उघडतात. वही मी आणली आहे. ज्यांना जमेल त्यांनी पंगतीनंतर आपले नाव आणि गाव त्यात लिहावे.