चित्राचं दप्तर

संग्रहालयात एखाद्या मोठ्या चित्रासमोर आपण उभे राहतो, तेव्हा शेजारच्या पाटीवर चित्रकाराचं नाव, साल आणि माध्यम लिहिलेलं असतं. पण ते चित्र चित्रकाराच्या खोलीतून निघून या भिंतीवर पोचलं कसं, मधल्या काळात कुणाकुणाच्या घरात होतं, हे त्या पाटीवर क्वचितच सापडतं. ते सापडतं विकणाऱ्याच्या वह्यांत. आज मी या वह्यांविषयी बोलणार आहे.

न्यूयॉर्कला नोडलर नावाची एक गॅलरी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसच्या गूपिल कंपनीची शाखा म्हणून ती सुरू झाली आणि १८५७ साली मायकेल नोडलर यांनी ती विकत घेतली. या घराण्यानं एक शिस्त पिढ्यान् पिढ्या पाळली. दुकानात आलेलं चित्र साठ्याच्या वहीत चढायचं. जाडजूड, आखीव पानांची वही. एका ओळीत चित्राचा क्रमांक, चित्रकार, शीर्षक, कुणाकडून घेतलं, केव्हा, कितीला पडलं, आणि त्याच ओळीत पुढे, कुणाला दिलं आणि कितीला. चित्र परत आलं तर पुन्हा नोंद. जोडीला विक्रीच्या वह्या, पत्रं, तारा, छायाचित्रं.

या कागदांतून केवढा इतिहास बाहेर पडतो पाहा. १९३० आणि ३१ साली सोव्हिएत सरकारला परकी चलनाची निकड होती. त्यानं हर्मिटाज संग्रहालयातली निवडक चित्रं गुपचूप विकायला काढली. ती घेतली अमेरिकेचे तेव्हाचे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी. एकवीस चित्रं, सुमारे साडेसहासष्ट लाख डॉलर. त्यात राफाएलची ‘आल्बा मॅडोना’ एकटीच ११ लाख ६६ हजारांची. मधे होती नोडलर. जाहीरपणे कुणी काही बोलत नव्हतं, पण धंद्याच्या कागदांना गप्प राहता येत नाही. कुणाला किती द्यायचे, हे लिहावंच लागतं. आज ती चित्रं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

आता याच गॅलरीचं पुढचं प्रकरण ऐका. १९९४ पासून एक बाई तिथं चित्रं घेऊन येऊ लागल्या. पोलॉक, रॉथको, मदरवेल अशी चित्रकारांची बडी नावं. मूळ मालकाला नाव उघड करायचं नाही, असं त्या सांगत. ना जुनी पावती, ना प्रदर्शनाची नोंद, ना चित्रकाराचं पत्र. तरीही गॅलरीनं ती घेतली आणि वर्षानुवर्षं विकली. ती नकली होती. ती रंगवत होता न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात राहणारा एक चिनी चित्रकार. एका ‘पोलॉक’वर तर सहीतलं एक अक्षरच गळलेलं होतं. १ कोटी ७० लाख डॉलरना गेलेल्या दुसऱ्या एका चित्रात असं रंगद्रव्य निघालं, जे १९५६ साली पोलॉक वारला तोवर बाजारात आलेलंच नव्हतं. नोव्हेंबर २०११ मध्ये नोडलरला टाळं लागलं.

मला यात सर्वांत जास्त लागतं ते हे, की ज्या दुकानानं शंभरावर वर्षं ओळ न् ओळ लिहून ठेवली, त्याच दुकानात कागद नसलेलं चित्र खपून गेलं. शास्त्रज्ञांनी रंग तपासायच्या कितीतरी आधी, वहीतली कोरी जागा पाहूनच तिथल्या कुणीतरी हात आखडता घ्यायला हवा होता.

गॅलरी बुडाली, वह्या मात्र वाचल्या. १९७१ पर्यंतचं ते सारं दप्तर २०१२ साली लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेनं विकत घेतलं. आता साठ्याच्या वह्या कुणालाही घरबसल्या पाहता येतात. असंच दुसरं दप्तर लिओ कॅस्टेली यांचं. ते न्यूयॉर्कचेच नामांकित चित्रविक्रेते होते. चित्रकार जॅस्पर जॉन्सचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन त्यांनी १९५८ साली भरवलं आणि आपल्या चित्रकारांना ते दरमहा ठरावीक रक्कम देत. त्यांचे कागद कुटुंबीयांनी २००७ साली अमेरिकन कलेच्या अभिलेखागाराला देऊन टाकले.

हे सगळं दूर देशीचं वाटेल, पण तसं नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा २००९ साली दिल्लीत आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि तिथली बरीच चित्रं नकली आहेत, असं त्यांनी सांगितलं. रझा हयात होते, म्हणून सांगू शकले. २०१६ साली ते गेले. आता सांगणार कोण? कागदच.

आपल्या मुंबईत केकू गांधी यांनी १९४१ साली चौकटींचा धंदा सुरू केला, नव्या चित्रकारांची चित्रं तिथं टांगली, आणि १९६३ साली पत्नी खोर्शेद यांच्यासह जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ उघडली. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं १९७५ साली तिथंच मुंबईकरांनी पाहिली. असं प्रदर्शन चार दिवसांत उतरतं. मागं उरतं ते निमंत्रणपत्र, किमतींची यादी, दोनचार छायाचित्रं. पाड्यावरच्या भिंतीवरची कला कागदावर येऊन शहरात कशी विकली जाऊ लागली, हे उद्या कुणाला लिहायचं झालं, तर हेच लागणार. न विकल्या गेलेल्या चित्रांची यादीसुद्धा. माझ्या मते ती तर अधिकच, कारण त्या काळाला काय पसंत पडलं नाही ते तिच्यातच कळतं.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली दप्तरं गोळा करत होते, तेव्हा ते कागद पुष्कळांना रद्दीच वाटत होते. चित्रकलेच्या बाबतीत आपण आज त्याच जागी आहोत.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी कुणी चित्रकार होऊन गेले असतील, किंवा वडिलांनी कधी एखादं चित्र घेतलं असेल, तर पावती, पत्र, प्रदर्शनाची पत्रिका टाकू नका. छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीनं नाव आणि साल लिहा. टाचण्या काढा, कागदाला प्लास्टिकचं आवरण चिकटवू नका, कोरड्या जागी ठेवा. आणि चौकट बदलायला द्याल, तेव्हा चित्राच्या पाठीवरची जुनी चिठ्ठी फाडू देऊ नका.