पडद्यावरचा भाई आणि घरातल्या बाया

(औसा येथे महिलांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



गुंडांवरच्या सिनेमांमुळे गुंडगिरीला मोठेपणा मिळतो का, हा आजचा विषय. सिनेमावाले म्हणतात, ‘आम्ही शेवटी गुंड मेलेलाच दाखवतो. वाईटाचा शेवट वाईट, आणखी काय हवं?’ शेवट बहुतेक वेळा तसा असतो, हे खरं. पण त्याआधी अडीच तास पडद्यावर जे चालतं, त्याचं काय?

१९९९ साली आलेला महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ घ्या. पावभाजीची गाडी लावणाऱ्या रघूच्या हातून भांडणात खून होतो, तो टोळीत ओढला जातो आणि अखेर त्याची आईच त्याला गोळी घालते. याहून कडक शिक्षा कोणती? तरीही लोकांच्या लक्षात राहिली ती रघूनं आईसमोर मिरवलेली सोन्याची जाड साखळी. पोरं नक्कल करतात ती त्या प्रसंगाची. पोटच्या पोरावर पिस्तूल रोखताना आईचं काय झालं असेल, यावर कट्ट्यावर कुणी बोलत नाही.

या सिनेमांनी एक गोष्ट मात्र बरोबर दाखवली आहे. गुंड आभाळातून पडत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप चिरडला गेला, गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींतली तरुण पोरं रिकामी झाली आणि टोळ्यांना माणसं मिळाली. मांजरेकरांच्याच ‘लालबाग परळ’मध्ये (२०१०) हे येतं. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये (२०१८) जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीकडे वळतो. आपल्याला हे पटतं, कारण शेत हातचं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

पण मग सिनेमा सुचवतो की त्याच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. इथे आपण विचारलं पाहिजे, कुणापुढे? त्याच खोलीत त्याची आई राहत होती, बहीण राहत होती. त्यांच्यापुढे कोणता रस्ता होता?

गिरणगावात बाया खानावळी चालवायच्या. गाव सोडून आलेल्या कामगारांना दोन वेळ जेवू घालायच्या. पैसे मिळणार पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीचा आणि डोक्यावर सावकाराचं व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. पुढे संपात कामगारांचा पगार थांबला, तेव्हा खानावळवालीची चूलही थंडावली. तिनं हप्ता वसूल करायला सुरुवात केली नाही. ती नवं गिऱ्हाईक शोधत राहिली.

चाळ तीच, भूक तीच. सिनेमे निघाले ते बंदूक धरणाऱ्यावर. ‘दुसरा रस्ताच नव्हता’ म्हटलं की या हजारो बाया पुसल्या जातात. गुंडाला मोठेपणा मिळतो तो इथे. त्याची गाडी, त्याचा गॉगल ही नंतरची गोष्ट. आई आणि बायको पडद्यावर येतात त्याही त्याच्यासाठी रडायला, वाट बघायला. हप्ता देणाऱ्या भाजीवालीचं घर तर दिसतच नाही.

तलवारीनं वाढदिवसाचा केक कापला म्हणून पोलिसांनी पोरांवर गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या महाराष्ट्रात ठिकठिकाणांहून येतात. ती पोरं कुणाची तरी लेकरं आहेत. रोज बुडवून एसटीनं कोर्टाच्या तारखेला जाते ती आई. वकिलाच्या फीसाठी मोडलं जातं ते तिच्या कानातलं. भाईगिरीचं हे बिल बाईच्या नावावर फाटतं.

म्हणून सिनेमांवर बंदी मागायची का? माझं मत, नाही. बंदीची सवय लागली की उद्या ती आपल्याच नाटकांवर, आपल्याच गाण्यांवर येईल. आणि सिनेमा थांबवून पोरांना काम मिळणार नाही. कामाची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

पण सिनेमा बघून झाल्यावर बोलू या. घरात बोलू, मंडळाच्या बैठकीत बोलू, मुलग्यांनाही बसवून घेऊ. त्यांना विचारू : मेलेल्या माणसाची बायको दुसऱ्या दिवशी कुठे कामाला गेली? भाईच्या घरात पैसा आला तो कुणाच्या गल्ल्यातून? ही बाई सिनेमातून काढली तर गोष्टीत काही बदलतं का? उत्तरं पोरांनाच शोधू द्या. साखळीच्या मागे कोण उभं आहे, ते त्यांना दिसू लागेल.