पुलावरची खूण क्वार्टर्सना का नको?

(जयपूर येथे रेल्वे व पोस्ट कामगारांपुढे केलेले भाषण)



रेल्वेच्या पुलाच्या खांबावर धोक्याची पातळी आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी रंगवलेली असते, हे गँगमनपासून साहेबापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. गाडी थांबवायची की सावकाश न्यायची, ते त्या खुणेवरून ठरते. मग आमचा साधा सवाल आहे. जी खूण पुलाला, ती क्वार्टर्सना, पोस्टाच्या इमारतीला, दवाखान्याला का नाही?

जयपुरात कसला पूर, असे गावाकडची माणसे विचारतात. 1981 च्या जुलैत याच शहरात पुराने हाहाकार उडवला होता. 1727 मध्ये सवाई जयसिंगांनी शहर वसवले, तेव्हा सूरजपोल ते चांदपोल हा मुख्य रस्ता उंचवट्यावरून नेला. पाणी दोन्ही अंगांना उतरून जाई. पुढे वस्ती सखल भागात, अमानीशाह नाल्याच्या काठाला सरकली. हा नाला म्हणजे मूळची द्रव्यवती नदी. एकदा नदीला नाला म्हटले की तीत भराव टाकायला कोणाचाच हात कचरत नाही!

1 ऑगस्ट 2024 रोजी इथल्या विश्वकर्मा भागात तळघरात पाणी शिरून तिघे बुडाले. त्यांत एक लहान मुलगी होती. पाचच दिवस आधी दिल्लीत कोचिंग क्लासच्या तळघरात तीन विद्यार्थी गेले. तळघरात बाहेर पडायचा जिना एकच, आणि पाणी येते तेही त्याच जिन्याने. तिथे राहतो कोण? ज्याला वरचे भाडे परवडत नाही तो.

मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मि.मी. पाऊस झाला. मिठी नदी भराव टाकून आधीच आवळलेली. लोकल बंद पडल्या, आणि आपली माणसे ड्युटीवर अडकली.

साहेब म्हणतात, पंप बसवू. पण पूर आला की आधी वीज जाते. म्हणून नवीन इमारतीचा नकाशा पुढे आला की पी.एन.एम.च्या बैठकीत आपण विचारायचे: जोते पूरपातळीच्या किती फूट वर आहे? रिले रूम, वीज पॅनेल, जनरेटर कोणत्या मजल्यावर? पोस्टातील बंधूंनी रेकॉर्ड रूमचे विचारावे. काम पूर्ण झाल्यावर विचारून उपयोग नाही.

इथल्या प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीतल्या जुन्या माणसांना भेटून, 1981 चे पाणी कोणत्या भिंतीवर कुठवर चढले होते ते फुटांत लिहून आमच्याकडे पाठवावे. पुढच्या बैठकीत तोच कागद आम्ही टेबलावर ठेवू.