पायाचं हाड, तोंडातले दात
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मागच्या मेळाव्यात मी पानावर नुसता वरणभात चिवडत होते, तेव्हा निम्म्या वर्गाने विचारलं, "डाएट का गं?" मी हो म्हणाले. खोटं बोलले. माझ्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला तेव्हा एकही दात नव्हता. या वेळी संयोजकांनी सांगितलं, काय झालं होतं ते नीट सांग.

मला अमेलोब्लास्टोमा झाला होता. हा सहसा कॅन्सर नसतो, पण जबड्याचं हाड पोखरत जाणारी गाठ असते. सुरुवातीला दुखत नाही, हीच पंचाईत. गाल सुजला, दाढ हलू लागली आणि एका दवाखान्यात मी वर्षभर गोळ्या घेत राहिले. शेवटी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, तर डावी बाजू पोकळ! गाठ नुसती खरवडली तर बरेचदा परत येते. म्हणून भोवतालचं सेंटीमीटरभर चांगलं हाडही कापतात.

मग तिथे लावायचं काय? शाळेत बाईंनी टिबिया-फिब्युला घोकून घेतलं होतं, ते आठवतंय? त्यातला फिब्युला, पोटरीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड. वजन मुख्यतः टिबिया पेलतो, त्यामुळे फिब्युलाचा मधला भाग काढता येतो. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा थोडा भाग तेवढा ठेवतात. यातून जबडा करण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली. हाड आपल्या रक्तवाहिन्यांसकट काढतात आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. म्हणून ते जिवंत राहतं. सरळ हाडाचे तुकडे करून जबड्याची कमान साधतात. खो-खोत ज्या पायाने मी उठायचे, तो पाय आता तोंडात आहे.

सर्जननी संगणकावर आराखडा दाखवला, तेव्हा माझं कुतूहल जागं झालं. मला वाटलं होतं, आधी हाड, मग दात. ते म्हणाले, उलट. आधी दात कुठे हवेत ते ठरवायचं, त्यावरून इम्प्लांटची जागा, त्यावरून हाड कुठे कापायचं. आमच्या धंद्यातही शेवटी काय हवं ते आधी ठरवा असं सगळे सांगतात, पाळतं कोण?

अशा जबड्यावर साधी कवळी टिकत नाही, तिला टेकायला हिरडीचा उंचवटाच नसतो. म्हणून टायटॅनियमचे स्क्रू. हाड टायटॅनियमला घट्ट चिकटतं, हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगात, जवळजवळ अपघातानेच दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन यांना पहिले इम्प्लांट बसवले, आणि ते २००६ मध्ये वारेपर्यंत टिकले. फिब्युलाचा बाहेरचा थर जाड, त्यामुळे स्क्रू चांगला धरतो. मला आठ महिन्यांनी चार बसवले. तोंडात आलेली पायाची कातडी जाड आणि हलणारी. ती कापून तिथे टाळूवरची पातळ त्वचा लावावी लागली. हा भाग ऑपरेशनपेक्षा जास्त दुखला. त्यानंतर आणखी चार महिने थांबले, तेव्हा कुठे दात.

विमा कंपनीने ऑपरेशनचे पैसे दिले, इम्प्लांटचे नाकारले. कारण लिहिलं: "दंतोपचार." हाड म्हणजे आजार आणि दात म्हणजे हौस! मला नोकरी होती, मी भरले. वॉर्डात माझ्या आजूबाजूला बहुतेक तंबाखू-गुटख्याचे कॅन्सरचे पेशंट होते. त्यांच्यापैकी अनेकांना रेडिएशन घ्यायचं होतं, आणि रेडिएशन घेतलेल्या हाडात इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. त्यात पैशाची अडचण. शेजारच्या खाटेवरचे काका पायाचं हाड जबड्यात घेऊन घरी गेले, दातांविना. फाइलवर "ऑपरेशन यशस्वी" असं लिहिलेलं होतं. वर्षभराने भेटले, तेव्हाही पेजेवरच होते. त्यांच्या फाइलमध्ये दातांचा रकानाच नव्हता.

ज्यांची दाढ उगाच हलतेय, गाल एकाच बाजूला सुजलाय, त्यांनी एक ओपीजी काढा. तोंडात मळी भरून माझ्याशी गप्पा मारायला येणाऱ्यांची नावं मी घेत नाही, त्यांना कळलंय.

आज जेवणात भाकरी आहे म्हणे. मी ती डाव्या बाजूने खाणार आहे. ओठाची डावी बाजू मात्र अजून बधिर आहे, तिथली नस गाठीबरोबर गेली. हनुवटीवर पिठलं ओघळलेलं दिसलं तर संकोचू नका, सांगा.